संगणकातील वेगवान पंख्यांना वीज कुठून द्यावी?

डिचोलीत खाणपट्ट्याची लाल धूळ, पेडण्यात किनाऱ्याचा दमट उकाडा. अशा हवेत डेस्कटॉप लवकर तापतो आणि घरातली मुले जास्त वेगाचे पंखे बसवायला घेतात. पंखा बसवणे सोपे. पण वीज चुकीच्या जागेवरून घेतली, तर महागडा मदरबोर्ड निकामी होऊ शकतो.

मदरबोर्डवर पंख्यासाठी असलेली जोडणी साधारणपणे १२ व्होल्ट, १ अँपिअरची, म्हणजे १२ वॉटची असते. नेमका आकडा मदरबोर्डच्या पुस्तिकेत मिळतो. नेहमीचा पंखा ०.२ ते ०.३ अँपिअर घेतो. सर्व्हरमधला वेगवान पंखा मात्र एकटाच १.५ अँपिअर किंवा अधिक घेऊ शकतो; सुरू होताना क्षणभर त्याहूनही जास्त. म्हणून पंख्यावर छापलेले अँपिअर आधी वाचावेत. एकाच जोडणीवर दोन-तीन पंखे लावायचे असतील, तर त्यांची बेरीज करावी.

बेरीज मर्यादेबाहेर गेल्यास पॉवर सप्लायच्या साटा वायरवर चालणारा फॅन हब घ्यावा. मग वीज थेट पॉवर सप्लायकडून येते. मदरबोर्डकडे फक्त वेगाच्या नियंत्रणाच्या तारा जातात. साटा जोडणीलाही १२ व्होल्टवर ४.५ अँपिअरची मर्यादा आहे, हे विसरू नये.

आणि खरेदीपूर्वी एक करावे: प्लग काढून, पंख्याची पाती धरून ठेवून आतली धूळ ब्लोअरने झाडावी. पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते.