जीवाणुभक्षक आणि आतड्याचे पुनर्वसन

विषाणुजन्य ताप उतरला, तपासणीचा कागद निर्दोष आला, तरी भूक मंद, पोट फुगलेले आणि अंगात त्राण नाही, अशी तक्रार घेऊन कित्येक रुग्ण महिनोन्‌महिने दवाखान्याच्या पायऱ्या झिजवतात, हे करोनाच्या साथीने घरोघर दाखवून दिले. त्या तक्रारीचा एक धागा आतड्यापर्यंत पोहोचतो. हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली शंभर करोनाग्रस्तांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या आतड्यांत बिफिडोबॅक्टेरियासारख्या हितकर जीवाणूंची घट आढळली, आणि पुढे तपासलेल्या रुग्णांत आजार सरल्यावर तीस दिवसांपर्यंत ती भरून आली नव्हती. आजारातील दाह, उपासमार आणि प्रतिजैविकांचा मारा यांनी मोकळ्या झालेल्या जागी संधिसाधू जीवाणू ठाण मांडतात, तेव्हा त्यांना हुसकावण्यासाठी पुन्हा प्रतिजैविकेच द्यावीत, तर उरलेसुरले हितकरही त्यांत बळी पडतात. या पेचातून सुटण्याचा एक मार्ग म्हणून जीवाणुभक्षकांकडे, म्हणजे केवळ जीवाणूंनाच ग्रासणाऱ्या विषाणूंकडे, आज पुन्हा लक्ष वळले आहे.

या विद्येचा पूर्वेतिहास आपल्या देशालाही स्पर्शून जातो. आग्र्याच्या सरकारी प्रयोगशाळेतील अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ साली असे नमूद केले की, गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू झपाट्याने मरतात आणि पाणी उकळताच त्याचा हा गुण लोपतो. कारण मात्र त्यांना उमगले नाही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फेलिक्स द'एरेल यांनी हगवणीच्या एका रुग्णाची विष्ठा रोज गाळून, तिचे काही थेंब हगवणीच्या जंतूंनी गढूळ झालेल्या द्रवात टाकून पाहण्याचा क्रम ठेवला. एके सकाळी तो द्रव नितळ झालेला दिसला, आणि त्याच रात्री रुग्णालाही उतार पडला होता. १९१७ साली त्यांनी जीवाणुभक्षकाचा हा शोध जाहीर केला, आणि दहा वर्षांनी पटकीवर त्याचा प्रयोग करण्यासाठी ते हिंदुस्थानात आले. पुढे प्रतिजैविकांचा अंमल सुरू झाला आणि पाश्चात्त्य देशांत हे शास्त्र मागे पडले. जॉर्जियातील तिब्लिसी येथे मात्र ते अखंड जिवंत राहिले.

जीवाणुभक्षकाचे सामर्थ्य त्याच्या निवडकपणात आहे. तो आपल्या शेपटीच्या तंतूंनी ठरावीक जीवाणूचेच कवच ओळखतो, आपले जनुकद्रव्य आत सोडतो, आणि अर्ध्या तासाच्या आसपास त्या जीवाणूला फोडून शेकडोंनी बाहेर पडतो. शेजारच्या जीवाणूला तो थेट इजा करीत नाही. मात्र काही जीवाणुभक्षक यजमानाला न मारता त्याच्या जनुकांत दडून बसतात. पटकीच्या जंतूला त्याचे विष अशाच एका पाहुण्याने दिले, हे १९९६ साली सिद्ध झाले. म्हणून उपचारासाठी केवळ मारक जातीच निवडाव्या लागतात.

इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांनी २०२२ साली आतड्याच्या दाहाशी निगडित क्लेब्सिएला जीवाणूंवर पाच जीवाणुभक्षकांचे मिश्रण वापरून उंदरांतील दाह घटवला, आणि निरोगी स्वयंसेवकांत असे जीवाणुभक्षक सुरक्षितपणे टिकतात, हेही दाखवले. उलट, ढाक्यात १२० मुलांच्या अतिसारावर केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जीवाणुभक्षक निरुपद्रवी ठरले, पण गुण आला नाही. ज्यांच्यावर ते सोडले होते त्या ई. कोलाय जीवाणूंची आतड्यातील संख्याच मुळी तुटपुंजी होती. शत्रू नेमका कोण आणि किती, याचा तपशील हाती नसताना दिलेले औषध वाया जाते, हा ढाक्याचा धडा विषाणुज्वरानंतरच्या उपचाराला सर्वाधिक लागू आहे.

शिवाय, जीवाणुभक्षक ही खुरपणी आहे, पेरणी नव्हे. माजलेले तण त्याने निघेल. पण हितकर जीवाणू परतण्यासाठी त्यांना डाळी, भरड धान्ये आणि भाज्या यांतील तंतुमय आहार हवा, निष्कारण प्रतिजैविकांपासून अभय हवे आणि सवडही हवी. म्हणून माझी सूचना अशी : विष्ठेच्या परीक्षणात विशिष्ट जीवाणू माजल्याचा पुरावा मिळेल त्याच रुग्णांवर, मारक जातींच्या पारखून घेतलेल्या मिश्रणाची, आहारोपचाराच्या जोडीने, शिस्तबद्ध चाचणी व्हावी, आणि तिचा निकाल लागेपर्यंत बाजारातील कोणत्याही कुपीवर विसंबून न राहता थकलेल्या रुग्णाने आपले ताट सुधारावे, वैद्याने आपली लेखणी आवरावी.