टोळीची दंतकथा आणि विस्मृतीतले अडीच लाख

वसई तालुक्यातील जूचंद्र हे गाव रांगोळीच्या कलेसाठी ओळखले जाते. येथील कलावंत चिमटीतून हुबेहूब व्यक्तिचित्रे साकारतात. अशा चित्रात उजेडाइतकीच सावलीही जपावी लागते. ती गाळली की चेहरा खोटा ठरतो. मुंबईतील गुंडांच्या टोळ्यांची जी चित्रे आज समाजापुढे मांडली जातात, त्यांतून नेमकी ही सावलीच गाळलेली असते.

मन्या सुर्वे याचेच उदाहरण घ्यावे. कीर्ती महाविद्यालयात शिकलेला पदवीधर, प्रस्थापित दादांना आव्हान देणारा मराठी तरुण, अशी त्याची दंतकथा. २०१३ साली आलेल्या ‘शूटआउट अ‍ॅट वडाला’ या हिंदी चित्रपटाने तिला नायकपदाचे वलय दिले. वास्तव मात्र रूक्ष आहे. खुनाबद्दल जन्मठेप, १९७९ मध्ये पलायन, त्यानंतर जेमतेम दोन वर्षांची लूटमार आणि ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात पोलिसांच्या गोळ्यांनी झालेला अंत, एवढाच या पराक्रमाचा जमाखर्च!

त्यानंतर बरोबर सात दिवसांनी, १८ जानेवारीला, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप चिघळला, संसार उद्ध्वस्त झाले. ‘गिरण्या बुडाल्या म्हणून पोरे टोळ्यांत गेली’ हे विधान तेव्हापासून सर्रास केले जाते. त्यात तथ्यांश आहे. गिरणगावातील काही बेकार तरुण पुढे टोळ्यांच्या आश्रयाला गेले, हे नाकारता येत नाही. परंतु सुर्वेची टोळी संपाच्या आधीच संपली होती, हे विसरून चालणार नाही. शिवाय, बेकारीनेच गुंड घडत असते तर अडीच लाख घरांतून किती निघाले असते?

प्रत्यक्षात बहुसंख्यांनी शस्त्र हाती घेतले नाही. कोणी भाजी विकली, कोणी कोकणातली वाट धरली, कोणी वसई-नालासोपाऱ्याकडे बिऱ्हाड हलवून पडेल ते काम केले. घरोघरी स्त्रियांनी खानावळी चालवून मुलांची शिक्षणे पुरी केली. त्यांच्यावर चित्रपट निघाले ते विरळाच. गुंडगिरीला परिस्थितीची ढाल पुढे करणे म्हणजे त्याच परिस्थितीत ताठ राहिलेल्या या माणसांचा अवमान करणे होय.

आज वर्गात बसणारा विद्यार्थी कदाचित अशाच घरातला नातू असेल. मन्या सुर्वेचे नाव त्याला ठाऊक असते. आजोबांची गिरणी कोणती, हे मात्र ठाऊक नसते. हा प्रश्न घरी विचारावयास त्याला शिकविणे, एवढे तरी शिक्षकांना सहज करता येण्याजोगे आहे.