ट्रॅक्टरचे तेल मोटारसायकलीला चालेल का?



बैलगाडीच्या चाकाला वंगण नसले की चाक करकरते, आणि ती करकर सगळ्या वाटेवर ऐकू जाते. मग घरातलं म्हातारं माणूस ओरडतं, "अरे, आधी वंगण घाल, मग बैल जुंप." मोटारसायकलीचं तसं नाही. तिची दातेरी चाकं लोखंडी पेटीत बंद असतात. आत काय चाललं आहे ते बाहेर कळत नाही, आणि कळू लागतं तेव्हा बहुधा खर्चाची वेळ आलेली असते.

आता खेड्यात नेहमी घडणारी एक गोष्ट घ्या. ट्रॅक्टरचे गिअर तेल बदलले आणि डब्यात लिटरभर उरले. डब्यावर लिहिलेले असते ९०. घरच्या मोटारसायकलीचे तेलही बदलायला आले आहे. मालक म्हणतो, "गिअरचंच तेल आहे, शिवाय चांगलं जाड आहे. घाला!" आठ-पंधरा दिवस काही वाटत नाही. मग एके दिवशी दुधाचे कॅन लावून चढ चढताना इंजिन नुसतं ओरडतं, गाडी मात्र पुढे सरकत नाही. मागून एखादा ट्रक येत असला तर हा प्रसंग जिवावरचा आहे. असं का होतं, तेच आज आपण पाहू.

पहिली गोष्ट, पेटीत कोण कोण राहतं ते बघा. आजकालच्या बहुतेक सगळ्या गिअरच्या मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर एकाच तेलावर चालतात. जणू तीन भावांची एकच चूल. एकाला मानवेल ते दुसऱ्याला मानवेलच असं नाही, म्हणून तिघांना चालेल असंच तेल लागतं.

यात नाजूक भाऊ म्हणजे क्लच. क्लचच्या चकत्या तेलात भिजलेल्या असतात. तरीही त्यांनी एकमेकींना घट्ट धरलं पाहिजे, नाहीतर इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत जाणार नाही. म्हणजे तेलाने दात्यांची झीज थांबवायची, पण चकत्यांची पकड सोडवायची नाही. ट्रॅक्टरच्या आणि मोटारींच्या गिअर तेलात फार मोठा दाब सोसण्यासाठी गंधक आणि फॉस्फरस यांची द्रव्ये घातलेली असतात. दात एकमेकांवर जोरात घासतात तिथे ती उपयोगी पडतात. पण ते तेल इंजिनासाठी केलेले नाही, आणि ओल्या क्लचच्या पकडीसाठीही केलेले नाही. चारचाकीच्या काही इंजिन तेलांतही पेट्रोल वाचावे म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. तीसुद्धा या क्लचला मानवत नाहीत.

म्हणूनच जपानी मोटार उद्योगाने १९९८ साली दुचाकीच्या तेलासाठी वेगळी कसोटी ठरवली. तिचे नाव जासो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ अशी अक्षरे असली तर ते तेल ओल्या क्लचसाठी आहे असे समजा. एमबी लिहिले असेल तर ते तेल जास्त निसरडे. ते ज्यांचा क्लच तेलात बुडत नाही अशा, म्हणजे बिनगिअरच्या स्कूटरांसाठी असते.

दुसरी गोष्ट आकड्यांची. ९० म्हणजे ४० च्या दुपटीहून जाड, असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे. इंजिन तेल आणि गिअर तेल यांची मापं निराळी आहेत, जसा जुना शेर आणि आजचा किलो. १०० अंश सेल्सिअसला मोजलं तर ९० नंबरच्या गिअर तेलाचा दाटपणा साडेतेरा ते साडेअठरा सेंटिस्टोक भरतो. ४० नंबरच्या इंजिन तेलाचा साडेबारा ते सव्वासोळा भरतो. म्हणजे दोघे जवळपास शेजारीच. फरक जाडीत फारसा नाही. तो आत मिसळलेल्या द्रव्यांत आहे.

डब्यावर १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५० असे दोन आकडे असतात. डब्ल्यू म्हणजे इंग्रजीतला हिवाळा. पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहील ते सांगतो, दुसरा आकडा तापल्यावर ते किती दाट राहील ते सांगतो. गुरुजी, हे मुलांना दाखवायचे असेल तर दोन सारख्या पेल्यांत काकवी घ्या. एक पेला कोमट पाण्यात ठेवा, दुसरा माठाच्या गार पाण्यात. मग दोन्हींत एकाच वेळी गोटी सोडा. गार काकवीत गोटी रेंगाळेल आणि कोमट काकवीत झटकन तळ गाठेल. पुस्तकातली श्यानता ती हीच.

आता जुन्या गाड्या. त्या अजून अनेक घरांत जपलेल्या आहेत. जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटमध्ये गिअरची पेटी वेगळी आणि क्लचचे घर वेगळे. तिथे गिअर तेल क्लचला शिवत नाही, म्हणून त्या पेटीत ९० नंबरचे तेल चालते. मात्र पेटीत कांस्याचे बुश असतात, तेव्हा जीएल-४ प्रतीचे तेल बरे. जीएल-५ मध्ये ती दाबाची द्रव्ये जास्त असतात आणि काही जातींची तेले अशा पिवळ्या धातूला खातात.

जावा आणि येझदी या म्हैसूरला तयार झालेल्या जुन्या दोन-स्ट्रोक गाड्यांचा प्रकार तिसराच. त्यांच्या इंजिनाला पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल मिळते. गिअरचे तेल निराळे असते, पण क्लच त्याच तेलात भिजतो. म्हणून "गिअरची पेटी वेगळी, तेव्हा ९० घाला" हा सल्ला इथे ऐकू नये. पेटी वेगळी आहे का, एवढंच विचारून भागत नाही. क्लच कोणाच्या घरात राहतो हेही विचारावं लागतं.

तेल घेताना आणि बदलताना एवढं सांभाळा. गाडीबरोबर आलेली पुस्तिका काढा आणि तिच्यातला नंबर, प्रत आणि माप कागदावर उतरवून तो कागद दुकानात न्या. शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांना लिटरच्या आसपास तेल लागते, तरी आपल्या गाडीचे माप तिच्याच पुस्तिकेतून घ्या. सुटे तेल घेऊ नका, सील बघा. थोडे अंतर गाडी चालवून तेल गरम झाल्यावर खालचा नट काढा, म्हणजे गाळ बाहेर पडतो. निघालेले तेल बोटावर घ्या. दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे. लोखंडाचे कण बोचले तर मिस्त्रीला दाखवा. नवे तेल खुणेपर्यंतच भरा, "थोडं जास्त असू द्या" म्हणू नका. जास्त तेल घुसळून फेसाळते आणि बाहेर गळते.

ठरलेल्या किलोमीटरला तेल बदलावेच. गिअरचे दाते तेलालाही चिरडतात. त्याला दाट ठेवणारी द्रव्ये तुटतात आणि तेल पातळ होत जाते. वरून ते बरे दिसले तरी कस गेलेला असतो.

चुकीचे तेल भरले गेले असेल तर घाबरू नका, पण गाडीही दामटू नका. ते काढा, योग्य तेल भरा, थोडी चालवा, आणि तेही काढून पुन्हा नवे भरा. क्लचच्या तारेला थोडी ढील आहे ना, तेही बघा. तार ताणलेली असली तरी क्लच घसरतो. एवढे करूनही घसरला तर चकत्या बदलाव्या लागतील. लिटरभर तेल वाचवायला जावं आणि खर्च असा वाढून बसावा!

शेवटी एक विनंती. जळके तेल ओढ्यात, विहिरीकाठी किंवा बांधावर ओतू नका. ते पाणी नासवते आणि अंगालाही घातक असते. झाकणाच्या डब्यात साठवा आणि जुने तेल परत घेणाऱ्या गॅरेजला द्या.

आणि ट्रॅक्टरचं ते उरलेलं तेल? डब्याला घट्ट बूच लावून ठेवा. ट्रॅक्टरला पुढच्या वेळी ते लागणारच आहे.