जिभेचे चोचले नव्हेत, दुखण्याची खूण



आपल्या मॉरिशस बेटावर मधुमेहाचे नाव ऐकले नाही असे घर सापडणे कठीण. २०२१ च्या सरकारी पाहणीत दर पाच प्रौढांमागे जवळजवळ एकाला हा रोग असल्याचे दिसले. डोळे, पाय, मूत्रपिंड यांची काळजी घ्या, असे आपण नेहमी ऐकतो. तोंडाच्या चवीबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या पुष्कळ रोग्यांना ही तक्रार असते. कुणाच्या तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव राहते, कुणाला चहा कडू लागतो, तर कुणाला आमटी अळणी वाटते. घरची माणसे म्हणतात, “आजीच्या जिभेचे चोचले वाढले!” सुनेला वाटते, सासूबाई आपल्या स्वयंपाकाला नावे ठेवतात. मग आजी गप्प बसतात. दोष आजींचा नसतो आणि सुनेचाही नसतो. जीभ खरोखरच बदललेली असते.

याची कारणे अनेक आहेत. रक्तातील साखर फार वाढली की लघवी जास्त होते, शरीरातील पाणी कमी होते आणि तोंड कोरडे पडते. पदार्थ लाळेत विरघळला तरच जिभेला त्याची चव कळते. कोरड्या तोंडात हिरड्या सुजतात आणि जिभेवर पांढरी बुरशी धरते. त्यानेही चव बिघडते. बरीच वर्षे साखर आटोक्यात नसली तर पायांच्या नसांप्रमाणे चवीच्या नसाही मंदावू शकतात. त्यात गोडाची जाणीव कमी झाली तर माणूस नकळत अधिक गोड खातो.

दुसरे कारण औषधाचे. मधुमेहावर मेटफॉर्मिन या गोळीचा उपयोग झाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी १९५७ साली दाखवून दिला. आज ती जगभर दिली जाते. हे औषध रक्तातून लाळेत उतरते, म्हणून काहींच्या तोंडाला धातूची चव येते. पुष्कळांची ही तक्रार काही आठवड्यांत आपोआप कमी होते. मात्र ही गोळी बरीच वर्षे घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकते. मग जीभ लाल होते व चुरचुरते. रक्तदाबावरील काही गोळ्यांनीही, उदाहरणार्थ कॅप्टोप्रिलने, चव बिघडते.

खरा धोका पुढेच आहे. तोंड कडू होते म्हणून कुणी डॉक्टरांना न सांगता गोळी बंद करतो. गोळी सुटली की साखर वाढते, आणि हे पुष्कळदा फार उशिरा कळते. कुणी आमटीत आणखी मीठ घालतो. दिवसाला सर्व मिळून पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे लहान चमचाभरापेक्षा, कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मधुमेहाबरोबर रक्तदाबही असेल तर जास्तीचे मीठ हृदयावर आणि मूत्रपिंडावर भार टाकते.

मग करावे काय? गोळी पोटभर जेवणाबरोबर घ्यावी. त्याने पोटाचा त्रासही कमी होतो. दिवसभर थोडे थोडे पाणी प्यावे, मात्र डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल तर ते पाळावे. दात व जीभ रोज दोनदा साफ करावी, कवळी रात्री काढून धुवावी. धातूची चव येत असेल तर स्टीलऐवजी लाकडी चमचा वापरून पाहावा. मिठाऐवजी लिंबू, चिंच, आले, कोथिंबीर, कढीपत्ता यांनी जेवण रुचकर करावे. सर्वांच्या आमटीत मीठ घालण्याचे काम निरोगी जिभेच्या माणसाकडे द्यावे. आजींचा मान त्यामुळे कमी होत नाही.

श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येणे, उलट्या होणे, धाप लागणे, गुंगी येणे, अशी लक्षणे दिसली तर वाट पाहू नये. रोग्याला तडक इस्पितळात न्यावे.

चव बिघडली असेल तर पुढच्या तपासणीला जाताना एक कागद बरोबर न्यावा. चव केव्हापासून बदलली, कशी लागते, त्या सुमारास कोणती नवी गोळी सुरू झाली, एवढे त्यावर लिहावे. सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी मोफत होते. गोळीचे प्रमाण बदलायचे की दुसरी गोळी द्यायची, हे डॉक्टर ठरवतील. पण तक्रार तोंडातच राहिली, तर त्यांना ती कळणार कशी?