शीर बारीक म्हणजे रक्त कमी का?

आमच्या ओळखीच्या एक मावशी अर्नाळ्याला राहतात. त्यांना ताप येत होता. दवाखान्यात रक्त तपासायला गेल्या, तर शीरच सापडेना. सिस्टरने तीनदा सुई टोचली. मावशी घरी येऊन रडू लागल्या. म्हणाल्या, "माझ्या अंगात रक्तच उरलं नाही. आता कशाला जायचं परत?" ताप तर रोज चढतच होता.

मावशींची समजूत चुकीची होती. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. शीर बारीक असली म्हणून ते कमी होत नाही.

शीर म्हणजे काय? वाडीत मोटार विहिरीचे पाणी खेचते आणि पाटाने केळीला पोचवते. आपले हृदय तसेच रक्त अंगभर ढकलते. पाणी केळीपाशी जिरते. रक्त मात्र हृदयाकडे परत येते. ज्या नळ्यांतून ते परत येते, त्या शिरा.

पण पायातले रक्त वर कसे चढते? आपण चालतो तेव्हा पोटऱ्या आवळतात, शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर सरकते. ते खाली येऊ नये म्हणून शिरेत झडपा असतात. मिठागरात भरतीचे पाणी घेतले की दार लावतात ना, तसेच हे. फक्त शिरेतली दारे आपोआप लागतात.

खोटे वाटते? हात खाली सोडा. हातावरची एक फुगलेली शीर बोटाने दाबून धरा. दुसऱ्या बोटाने तिच्यातले रक्त कोपराकडे सारा. आता दुसरे बोट उचला. रक्त झडपेपाशी अडते. खालची शीर रिकामीच राहते! इंग्लंडच्या विल्यम हार्वे या डॉक्टरांनी १६२८ साली आपल्या पुस्तकात असेच करून दाखवले होते.

काहींच्या शिरा जन्मतःच बारीक असतात. बायकांच्या पुष्कळदा पुरुषांपेक्षा बारीक असतात. अंगाने भरलेल्या माणसाच्या शिरा खोल दडतात. थंडीने, भीतीने त्या आवळतात. तापात घाम जातो, पाणी कमी पडते, मग त्या आणखी बसतात. मावशींचे तेच झाले होते. भीती तर होतीच!

आम्ही त्यांना समजावले. दुसऱ्या दिवशी त्या भरपूर पाणी पिऊन गेल्या. हात कोमट पाण्याने शेकला, थोडा वेळ खाली सोडून बसल्या. सिस्टरला आधीच म्हणाल्या, "बाई, माझी शीर बारीक आहे हो." सिस्टरने बारीक सुई घेतली. एकाच टोचणीत रक्त निघाले.

तपासणीत हिवताप निघाला. त्याच संध्याकाळी गोळ्या सुरू झाल्या.