लट्टलूरपुरवराधीश्वर : राष्ट्रकूट-रट्ट कुलाचे मूलस्थान आणि त्याची स्मृती

प्रस्तावना :

उदगीरच्या पश्चिमेस लातूर, उत्तरेस कंधार आणि थेट दक्षिणेस मालखेड ही तीनही स्थळे राष्ट्रकूट घराण्याच्या इतिहासाशी निगडित आहेत. मालखेड म्हणजे मान्यखेट, ही या सम्राटांची राजधानी होय. कंधार येथे तृतीय कृष्णाच्या काळातील शिलालेख उपलब्ध झाला असून त्यात जगत्तुंगसमुद्र या जलाशयाचा उल्लेख येतो. लातूरचे स्थान मात्र वेगळ्या स्वरूपाचे आहे. राष्ट्रकूटांची राजधानी म्हणून लातूरचा निर्देश स्थानिक लेखनातून अनेकदा केला जातो. परंतु कोरीव लेखांचा पुरावा तसे सांगत नाही. तो जे सांगतो ते प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

पद आणि कुलनाम :

'राष्ट्रकूट' हे मुळात व्यक्तीचे वा वंशाचे नाव नव्हे. राष्ट्र म्हणजे राज्याचा एक प्रादेशिक विभाग व त्याचा प्रमुख तो राष्ट्रकूट. ज्याप्रमाणे गावाचा प्रमुख तो ग्रामकूट. वेंगीच्या पूर्व चालुक्यांच्या ताम्रपटांतील राजाज्ञा राष्ट्रकूट ज्यांच्यात प्रमुख आहेत अशा कुटुंबींना, म्हणजे भूधारक गृहस्थांना, उद्देशून काढलेल्या आढळतात. पद वंशपरंपरागत झाले की ते घराण्याचे नाव बनते. मराठवाड्यातील वाचकाला हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी ही आडनावे याच मार्गाने रूढ झाली.

याउलट स्थितीही इतिहासात दिसते. मध्य आशियातील शिओंग्नू या भटक्या पशुपालकांच्या राज्यात हूयान, लान व शूबू ही तीन कुलीन घराणी असल्याचे चिनी इतिहासकार सीमा छ्यान नोंदवतो. त्यांपैकी शूबू घराण्याकडे न्यायनिवाड्याचे काम असे. तेथे कुलाने पद धारण केले. दक्षिणेत पदानेच कुल घडवले. त्यामुळे राष्ट्रकूट हे नाव सांगणारी सर्व घराणी एकाच रक्ताची होती असे मानता येत नाही. मानपूरचे राष्ट्रकूट आणि विदर्भातील नन्नराजाचे राष्ट्रकूट घराणे ही मालखेडच्या घराण्याहून पृथक् नोंदली जातात. डॉ. अ. स. आळतेकर यांनी नन्नराजाच्या घराण्याशी सम्राटांचा संबंध जोडला, तर म. म. वा. वि. मिराशी यांनी तो मान्य केला नाही.

बिरुदाचा काळ :

सम्राटघराण्याचा संस्थापक दंतिदुर्ग. त्याचा सामानगड ताम्रपट शके ६७५, म्हणजे इ. स. ७५३ चा आहे. वेरूळच्या दशावतार लेण्यातील लेखात त्याच्या पूर्वजांची मालिका येते. या दोन्ही ठिकाणी लट्टलूरचे नाव नाही. ते प्रथम प्रकर्षाने येते ते पहिल्या अमोघवर्षाच्या काळातील, इ. स. ८६६ च्या शिरूर व निलगुंद येथील शिलालेखांत. राज्यस्थापनेनंतर शंभराहून अधिक वर्षे लोटल्यावर, राजधानी मान्यखेट असताना, राजाला 'लट्टलूरचा स्वामी' म्हटले गेले ही बाब अर्थपूर्ण आहे. जो राजा जेथून राज्य करतो त्या नगराचे नाव त्याच्या बिरुदात असणे स्वाभाविक. जेथून तो राज्य करीत नाही त्या नगराचे नाव येते तेव्हा ते मूलस्थान असते. राष्ट्रकूट म्हणवणारी घराणी अनेक असल्यामुळे आपण नेमके कोणते, हे सांगण्याची गरज या घराण्याला वाटली असावी. आजही एकच आडनाव असलेली दोन कुटुंबे मूळ गावावरूनच ओळखली जातात.

हे लट्टलूर कोणते, याविषयी प्रारंभी मतभेद होते. डॉ. फ्लीट यांनी प्रथम मध्य प्रांतातील बिलासपूरनजीकचे रतनपूर सुचवले. पुढे त्यांनीच ते मत सोडून तत्कालीन हैदराबाद संस्थानातील लातूर निश्चित केले. आळतेकरांनीही तेच ग्राह्य धरले. नावातील 'ऊर' हा ग्रामवाचक कानडी शब्द आहे, हेही येथे लक्षात घ्यावे. मात्र दक्षिण गुजरातच्या 'लाट' देशाशी या नावाची गल्लत करू नये. ती अद्यापही विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत आढळते.

वंशावळीची उभारणी :

सत्ता स्थिरावल्यानंतर गावाचे नाव पुरेसे वाटेनासे झाले. नवव्या-दहाव्या शतकांतील ताम्रपटांत घराणे यदुवंशाशी जोडले गेले. तृतीय कृष्णाच्या देवळी (इ. स. ९४०) व कऱ्हाड (इ. स. ९५९) ताम्रपटांत सात्यकीच्या शाखेत रट्ट नावाचा राजा व त्याचा राष्ट्रकूट नावाचा पुत्र झाल्याचे सांगितले आहे. अधिकारपदाचे नाव येथे माणसाचे झाले. रा. गो. भांडारकरांनी ही कथा कल्पित मानली व ते योग्यच होय. उच्च कुळाशी नाते सांगण्याची ही रीत केवळ दक्षिणेची नव्हे. उपरोक्त शिओंग्नूंचा वंशज ल्यू युआन याने इ. स. ३०४ मध्ये हान राजा ही पदवी घेतली, तेव्हा पूर्वजाशी झालेल्या हान राजकन्येच्या विवाहाचा आधार घेऊन हान सम्राटांचेच कुलनाम आपले म्हणून सांगितले.

रट्टांकडे गेलेले बिरुद :

इ. स. ९७३ मध्ये चालुक्य दुसऱ्या तैलपाने राष्ट्रकूटांची सत्ता संपुष्टात आणली. बिरुद मात्र संपले नाही. बेळगाव परिसरातील सौंदत्ती येथे पृथ्वीरामापासून सुरू झालेले रट्टांचे मांडलिक घराणे कल्याणीच्या चालुक्यांच्या अमलाखाली टिकून राहिले. हे रट्ट स्वतःस लट्टलूरपुरवराधीश्वर म्हणवीत व सुवर्णगरुडध्वज मिरवीत. त्यांच्या उत्तरकालीन लेखांत पूर्वज म्हणून कृष्णाचा उल्लेख करताना त्यास कंधारपूरचा अधीश्वर म्हटले आहे. लातूर वा कंधार येथील एक वीतभर जमीनही या रट्टांच्या ताब्यात नव्हती. स्वतः लातूर त्या काळात चालुक्यांच्या राज्यात होते. तेथील पापविनाशक मंदिरातील तृतीय सोमेश्वराच्या काळातील बाराव्या शतकाचा लेख नगरीत पाचशे विद्वान राहत असल्याचे सांगतो. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीच्या सिंघण यादवाचा सेनापती बीचण याने रट्टांचे राज्य जिंकले, आणि त्यांची राजधानी वेणुग्राम, म्हणजे आजचे बेळगाव, यादवांकडे गेली.