अदृश्य धाग्याचा हिशेब

डहाणूहून चारोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील गंजाड हे गाव पद्मश्री जिव्या सोमा मशे यांच्या वारली चित्रांमुळे जगाला परिचित झाले. त्याच वाटेने पुढे कासा ओलांडून डोंगराळ भागात शिरले की जव्हार लागते. डिसेंबर २०२१ मध्ये या जव्हारहून झाप या दुर्गम गावी कोरोना लसीच्या ३०० मात्रा ड्रोनने पोहोचविण्यात आल्या. रस्त्याने सुमारे ४० मिनिटे घेणारा हा साधारण २० किलोमीटरचा प्रवास यानाने नऊ मिनिटांहून किंचित अधिक वेळात पूर्ण केला.

या वेगाचे सर्वांनाच कौतुक वाटले. मात्र त्यामागचा खरा प्रश्न वेगळा आहे. २० किलोमीटर दूर गेलेले यान डोळ्यांना दिसत नाही. मग ते कोठे आहे, किती उंचीवर आहे, त्याच्या बॅटरीत किती शक्ती उरली आहे, हे जमिनीवरील माणसाला कळते कसे? याचे उत्तर ‘टेलिमेट्री’, अर्थात दूरमापन, या शब्दात आहे. आज अनेक घरांतील मुले आणि नातवंडे छंद म्हणून विमानाच्या प्रतिकृती उडवितात. त्यांतही हेच तंत्र वापरता येते. म्हणून त्याचा मोठ्यांनीही थोडा परिचय करून घेणे इष्ट ठरेल.

साध्या प्रतिकृतीत हातातील रिमोटची कांडी जशी हलवावी तसे विमान वळते. संगणकाद्वारे चालणाऱ्या प्रतिकृतीत मात्र दोन लहान रेडिओ असतात. एक विमानात बसवितात, तर दुसरा संगणकाला जोडतात. विमानातून उंची, वेग, दिशा आणि बॅटरीची स्थिती यांची माहिती सतत खाली येते व संगणकाच्या नकाशावर उमटते. त्याच मार्गाने खालून आज्ञा वर जातात.

या देवाणघेवाणीची पद्धत व्यापारी कुटुंबांना ओळखीची वाटेल. ‘मॅव्हलिंक’ नावाची संदेशपद्धती २००९ मध्ये लोरेंझ मायर यांनी झुरिक येथे विद्यार्थिदशेत तयार केली आणि ती आज जगभर वापरात आहे. तिच्यातील प्रत्येक संदेशावर पावतीपुस्तकाप्रमाणे अनुक्रमांक असतो. मधला क्रमांक आला नाही की संदेश वाटेत गहाळ झाल्याचे लगेच समजते. संदेशाच्या अखेरीस ताळ्याचा एक आकडा असतो. तो जुळला नाही, तर संदेश बिघडलेला समजून बाजूला टाकला जातो. शिवाय दोन्ही बाजू साधारणतः दर सेकंदाला एकमेकींना ‘मी जागेवर आहे’ असे कळवितात. या संदेशाला ‘हार्टबीट’, म्हणजे हृदयाचा ठोका, असेच नाव आहे.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. संगणक विमानाचा तोल सांभाळीत नाही. वाऱ्याचा झोत येऊन पंख कलला, तर तो सावरण्याचे काम विमानातच बसविलेला ‘ऑटोपायलट’ क्षणोक्षणी करतो. खालून फक्त ‘या ठिकाणी, इतक्या उंचीवर जा’ एवढेच सांगितले जाते. परगावच्या दुकानावर बसलेल्या जुन्या मुनीमजींची आठवण यावी, अशी ही व्यवस्था आहे. पेढीवरून धोरण कळविले जाई. गिऱ्हाइकाशी बोलणे मुनीमजींनीच करावयाचे.

परंतु पत्रच पोहोचले नाही तर? रेडिओलहरींना मोकळी वाट लागते. डहाणूच्या चिकूच्या वाड्यांमागे विमान खाली उतरले, किंवा विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या डोंगरासारखा एखादा डोंगर मध्ये आला, तर हा धागा तुटू शकतो. त्या वेळी काय करावयाचे हे विमानाला उड्डाणापूर्वीच सांगून ठेवावे लागते. ‘आर्डुपायलट’ या प्रचलित प्रणालीत रिमोटचा संपर्क तुटताच विमान प्रथम घिरट्या घालते आणि संपर्क तुटलेलाच राहिला तर सुटलेल्या जागी परत येते, अशी तरतूद आहे. मात्र संगणकाचा संपर्क तुटल्यावरची तरतूद मुळात बंद ठेवलेली असते. ती उडविणाऱ्याने आठवणीने सुरू करावी लागते. परतीची उंचीही भोवतालच्या झाडांहून आणि टेकड्यांहून अधिक ठेवावी लागते. या दोन नोंदी राहून गेल्या, तर महागडे विमान जाते. ते कोणाच्या अंगावर किंवा विजेच्या तारांवर कोसळले, तर हानी त्याहून कितीतरी मोठी होते.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. ‘ड्रोन नियम, २०२१’ नुसार २५ किलोग्रॅमपर्यंतची, शिक्षण वा मनोरंजनासाठी असलेली आणि नजरेच्या टप्प्यात उडविली जाणारी याने ‘प्रतिकृती’ या वर्गात मोडतात. म्हणजे पडद्यावर नकाशा दिसत असला, तरी छंद म्हणून उडविणाऱ्याने विमान नजरेआड जाऊ देऊ नये. हरित क्षेत्रात उंचीची मर्यादा ४०० फूट आहे. पालघर जिल्ह्यातच तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. त्यामुळे उड्डाणापूर्वी ‘डिजिटल स्काय’चा अधिकृत नकाशा पाहणे येथे विशेष अगत्याचे ठरते. रेडिओ घेतानाही सावध असावे. अमेरिकेत चालणारा ९१५ मेगाहर्ट्‌झचा संच आपल्याकडे विनापरवाना वापरता येत नाही. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा अशा वापरासाठी खुला आहे.

नातवाने असे विमान मागितले, तर त्याला नकार देण्याचे कारण नाही. मात्र विमान हाती देण्यापूर्वी त्याला एकच प्रश्न विचारावा: ‘संपर्क तुटला तर ते काय करील?’ त्याला उत्तर देता आले, तर निर्धास्तपणे मोकळ्या माळावर जावे. देता आले नाही, तर त्या दिवशी विमान घरीच ठेवून दोघांनी मिळून संगणकावरील त्या नोंदी आधी तपासाव्यात.